दिग्रसच्या हॉलमधली जादाची वायर

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि हॉलमधले बारा स्पीकर उचकी लागल्यासारखे वागत होते. सिस्टीम बंद करून चालू केली की अर्धा मिनिट सगळं छान. माईकवर "हॅलो" म्हटलं की हॉलभर हॅलो. मग खर्र, अर्धा शब्द, आणि शांतता. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजायचं. भिंतीवर एक टच पॅनेल होतं. त्यावर बोट लावलं की दिवे मंद व्हावेत, पडदा खाली यावा, कॅमेरा वळावा, असा करार होता. ते नुसतं एक गोल चक्र फिरवत बसलं होतं. अकरा वाजता कार्यक्रम होता.

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. पण हा बचाव त्या दिवसाच्या पहिल्या दीड तासालाच लागू आहे.

मी मूळचा कुडाळकडचा. नववीत शाळा सोडली आणि गावातल्या एका लाऊडस्पीकरवाल्याकडे लागलो. जत्रा, नाटकं, लग्नं. पुढे पुण्याला आलो, तर एका ऑडिओ-व्हिडिओ कंपनीच्या शिल्पा मॅडमनी मला ठेवून घेतलं. त्या इंजिनिअर, मी नववी. "शिकशील," एवढंच म्हणाल्या. या एका शब्दाचं मला इतकं ओझं झालं होतं, की त्या समोर आल्या की मी स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा दोन हातांनी धरायचो.

जुन्या कामात एका माईकला एक वायर, एका स्पीकरला एक वायर. वायर दिसते, हाताला लागते. नव्या कामात तसं नाही. आवाज, चित्र, पॅनेलवरचे हुकूम, सगळ्यांचे बारीक तुकडे करून एकाच नेटवर्क केबलमधून पाठवतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. मध्ये स्विच नावाचा डबा असतो. हा दिवा लावायचा स्विच नव्हे. हा बऱ्याच भोकांचा डबा, आणि त्याचं काम पोस्टातल्या टपाल वाटणाऱ्यासारखं. पत्ता बघायचा आणि ज्याचं त्याला द्यायचं. मॅडमनी हे मला तीनदा समजावलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात मी दोन स्पीकरना एकच पत्ता दिला. का, तर दोघेही एकाच खांबावर होते. मॅडमनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "अरे, एका घरात राहिले म्हणून दोघांचं नाव एकच असतं का?"

तर असा मी दिग्रसला पोचलो होतो. कापसाची ती वाईट वर्षं. पांढरं सोनं म्हणायची सवय लोकांनी सोडली होती. रोज कुठली ना कुठली समिती यायची, फोटो काढून जायची. तिथल्या एका शेतकरी संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी ठरवलं, की येणाऱ्यांनी यावं, पण आपल्याला विचारायचं ते आपण घरबसल्या विचारू. म्हणून हा हॉल. नागपूरला बसलेला कापसाचा शास्त्रज्ञ पडद्यावर दिसणार, समोर बसलेला शेतकरी माईकवर प्रश्न विचारणार. त्या वर्षी पानं लाल पडून झाडं वाळत होती. लोक त्याला लाल्या म्हणत.

हॉलची सगळी वीज गजूभाऊंनी केली होती. गजानन त्यांचं नाव, वय पन्नाशीचं, दिग्रसमधले जुने इलेक्ट्रिशियन. मी लॉजवर राहत होतो आणि तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं, तेव्हापासून या माणसाने मला लॉजवर जेवू दिलं नाही. दुपारी वहिनींचा डबा यायचा. भाकरी, वांगं, आणि माझ्यासाठी वेगळा कमी तिखटाचा झुणका. मी म्हणायचो, एवढं कशाला. ते म्हणायचे, "खाय ना बे गुपचूप. मासे खाणारा माणूस, तुले इथं कोण विचारते?"

मॅडम शेवटचे दोन दिवस आल्या होत्या. सगळं तपासून त्या कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी पुण्याला निघाल्या. तेव्हा सगळं चालत होतं. मागे मी एकटा राहिलो आणि मला काळजी लागली.

हॉलमध्ये दोन स्विच होते. एक मागच्या खोलीतल्या रॅकमध्ये, एक स्टेजखाली. दोघांच्या मध्ये एक केबल. मी त्या एकुलत्या एका केबलकडे बघत राहिलो. सगळा कार्यक्रम हिच्यावर, आणि स्टेजखाली उंदरांच्या लेंड्या. आमच्या लाऊडस्पीकरवाल्याची शिस्त अशी होती, की जत्रेत महत्त्वाच्या ठिकाणी दोन वायरी टाकायच्या आणि दोन्ही जोडून ठेवायच्या. एक तुटली तरी नाटक चालू राहतं. त्या शिस्तीने मी संध्याकाळी दुसरी केबल ओढली, दोन्ही टोकं दोन्ही स्विचमध्ये लावली, वर हात पुसून समाधानाने जेवायला गेलो. चालवून बघितलं नाही. जादा वायर लावली म्हणून काही बंद पडतं, असं माझ्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

सकाळी मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मी निघाल्यावर काही बदललंस का.

"नाही मॅडम. काहीच नाही."

हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. मी बदललं काहीच नव्हतं. काळजी घेतली होती.

मग आम्ही ओळीने सगळं केलं. आधी पंखे. आजूबाजूला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग चालू होत्या, हवेत सतत रुईचे तंतू. रॅकच्या पंख्यावर त्यांची गोधडी साचली होती. ती ब्रशने काढली. फरक नाही. मग अॅडॉप्टर बदलले. मग प्रत्येक यंत्राचा पत्ता वहीतून वाचून दाखवला. या वेळी सगळ्यांची नावं वेगळी होती. दर वेळी बंद करून चालू, अर्धा मिनिट सुख, मग उचकी.

मॅडम शेवटी म्हणाल्या, चालू होऊन मग बिघडतंय म्हणजे वीज बघ. तिथलं अर्थिंग नीट दिलेलं नसणार. अर्थिंग म्हणजे यंत्रातली नको असलेली वीज जमिनीत मुरवायची सोय. ती बिघडली की यंत्रं काय वाट्टेल ते करतात. फोन स्पीकरवर होता आणि बापूसाहेब माझ्या मागे उभे होते. त्यांनी तिथेच, सतरंज्या अंथरणाऱ्या चार माणसांच्या देखत गजूभाऊंना बोलावून घेतलं.

गजूभाऊ मीटर घेऊन आले. मोजलं. मला आकडा दाखवला, बापूसाहेबांना दाखवला. आकडा चांगला होता.

"तीस वर्षं झाले या गावात कामं करून राह्यलो," ते म्हणाले. "माया अर्थिंगले आजवर कोनं नाव नाई ठेवलं."

"मंग पुन्याची बाई खोटं बोलून राह्यली का?" बापूसाहेब म्हणाले आणि निघून गेले.

दहा वाजले होते. फुलसावंगीकडची माणसं एसटीतून उतरून पोचलीसुद्धा होती. कोणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत लाल पडलेली पानं, कोणी रुमालात बोंडं बांधून आणलेली. गजूभाऊ रॅकपुढे वाकून बघत राहिले. नेटवर्कमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण वीजवाल्याची नजर. ते म्हणाले, "हे तुमचे हिरवे लाइटं सारेच्या सारे एकदमच काहून लपलप करून राह्यले? काल तं येगयेगळे होते."

मी मॅडमना तेवढंच कळवलं. त्यांनी सावकाश विचारलं, "दोन स्विचच्या मध्ये वायर किती आहेत?"

आता हे आधी समजून घ्या. नेटवर्कमधली यंत्रं अधूनमधून सगळ्यांना उद्देशून हाक मारतात, की अमक्या नंबरचा कोण आहे? स्विचने ती हाक ज्या भोकातून आली ते सोडून बाकी सगळ्या भोकांतून पुढे पाठवायची असते. मध्ये एक वायर असली की हाक पलीकडे जाते आणि संपते. दोन असल्या की पहिलीने गेलेली हाक दुसरीने परत येते, पुन्हा पहिलीने जाते. दमत नाही, थांबत नाही, आणि दर फेरीला नव्या हाका येऊन मिळतात. अर्ध्या मिनिटात वायरीत इतकी गर्दी होते की माणसाच्या आवाजाला जागा उरत नाही. याला लूप म्हणतात. महागातले स्विच हे ओळखतात आणि आपणच एक भोक बंद करतात. आमचे महागातले नव्हते.

यातलं त्या क्षणी मला काही ठाऊक नव्हतं. पण मॅडमच्या आवाजावरून एवढं कळलं, की याचं बरोबर उत्तर 'दोन' नाही.

माझा डावा हात रॅकच्या मागे गेला. जादाच्या केबलचं टोक मला डोळे मिटूनही सापडलं असतं. मीच लावलं होतं. अंगठ्याने खुंटी दाबली आणि ओढलं.

"एक, मॅडम."

उत्तर खरं होतं. एका सेकंदापासून खरं होतं.

हिरवे दिवे सुटे झाले, ज्याच्या त्याच्या लयीत चमकायला लागले. पॅनेलवरचं चक्र थांबलं. स्टेजवर कोणीतरी माईकपाशी खोकलं, ते हॉलभर ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, काय केलंस? मी म्हणालो, काही नाही, आपोआप झालं. त्या म्हणाल्या, आपोआप सुरू होतंय म्हणजे वीजच. बापूसाहेबांना तसं पत्र लिहायला हवं.

कार्यक्रम उत्तम झाला. आर्णीकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी लाल पान कॅमेऱ्यापुढे इतकं जवळ धरलं की पडदाभर नुसतं लाल झालं, आणि नागपूरचे साहेब म्हणाले, "काका, थोडं मागं घ्या, मले फक्त पानच दिसून राह्यलं." लोक हसले. मग साहेबांनी पानाच्या शिरा दाखवून नीट समजावलं. लोकांनी वह्यांत लिहून घेतलं. बापूसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मान खाली घातली, ती विनय म्हणून खपली.

जेवणं झाल्यावर, दोनच्या सुमारास, बापूसाहेब गजूभाऊंना बाजूला घेऊन बोलत होते. वरच्या मजल्यावर वसतिगृहाचं काम निघणार होतं, ते गजूभाऊच करणार हे सगळ्यांना माहीत होतं. बापूसाहेब शांतपणे सांगत होते की या वेळी यवतमाळचा माणूस आणू. कंपनीनेच अर्थिंगवर बोट ठेवलं, तर आपला नाइलाज आहे. गजूभाऊ वाद घालत नव्हते. खिशातला मीटर काढायचे आणि परत ठेवायचे. त्यांच्या दुसऱ्या हातात डबा होता. माझा.

तिथून हॉलच्या दारापर्यंत वीसेक पावलं असतील. मी आधी दाराकडे गेलो, हे कबूल करतो. लॉजवर बॅग भरलेली होती, आणि आर्णीमार्गे यवतमाळला जाणारी एसटी पावणेतीनची. पायरीपर्यंत जाऊन परत आलो.

"बापूसाहेब, अर्थिंगचा दोष नव्हता," मी म्हणालो. "काल मी एक जादा वायर लावली होती. त्यानेच सगळं बंद पडलं. सकाळी मीच ती उपटली, म्हणून चालू झालं."

बापूसाहेबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मंग सकाळपासून तोंडात काय धरून बसला होता?"

"भीती वाटली. नोकरी जाईल म्हणून."

"तुयी जाऊ नये म्हणून याची जाऊ देत होता का?"

गजूभाऊ माझ्याकडे बघत होते. ते चिडतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी वेगळंच विचारलं.

"दुसरी वायर कायले टाकली पन?"

मी उंदरांचं सांगितलं. जत्रेतली शिस्त सांगितली. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मीबी टाकली असती." मग डबा माझ्या हातात दिला आणि मीटर खिशात ठेवून निघून गेले. त्या दुपारी ते माझ्याजवळ बसले नाहीत. झुणका मी एकट्याने खाल्ला.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, हात रॅकच्या मागे गेल्याचंसुद्धा. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, पुन्हा लूप झाला.

मग त्या म्हणाल्या, "लूप मीही केलाय. पहिल्याच वर्षी. तो शिकण्याचा भाग आहे. पण 'एक' म्हणालास ना, ते मी तुला शिकवलेलं नाही." पुढे म्हणाल्या, बापूसाहेबांना पत्र जाईल, पण ते तू लिहायचंस. काय झालं, कोणी केलं, अर्थिंग कसं आहे. एक पान.

शाळा सोडल्यापासून मी एक पान सलग लिहिलं नव्हतं. ते पत्र लिहायला मला वायरिंगपेक्षा जास्त वेळ लागला. गजूभाऊंचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांनी दाखवलेला मीटरचा आकडा लिहिला. 'अर्थिंग' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता, असं नंतर कळलं. बापूसाहेबांनी ते वाचलं, घडी करून खिशात टाकलं आणि मला चहा सांगितला. वसतिगृहाचं काम गजूभाऊंनीच केलं. पुढच्या वर्षी देखभालीसाठी गेलो, तेव्हा त्यांनी मला लॉजवर उतरू दिलं नाही. पण रॅक उघडताना ते माझ्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवून होते, हेही खरं.

माझी नोकरी राहिली. आज माझ्या हाताखाली दहा-बारा जण आहेत, बहुतेक माझ्यासारखेच, लांबून आलेले, कमी शिकलेले, घाबरलेले. साइटवरून त्यांचे फोन येतात, की काल चालत होतं, आज बंद आहे, आणि काहीच बदललेलं नाही. मी कधी 'काय बदललंस' असं विचारत नाही. त्याचं उत्तर मला माहीत आहे. मी विचारतो, काळजी म्हणून काय केलंस? मग पलीकडे जरा वेळ शांतता होते, आणि बिघाड सापडतो.