गणपतीच्या गोळ्या

क्षमावहिनी माझ्या भावाची, हर्षदची बायको. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती दिंडोशीच्या आमच्या घरात आली आणि पहिल्याच गणपतीला आईने तिच्या हातात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या ठेवल्या. उकडीचे मोदक तिच्यासारखे कुणाला जमत नाहीत ना! मग नवरात्र, सत्यनारायण, कुणाची तरी हळद. देवाचं काही निघालं की गोळ्या. मी केमिस्टच्या दुकानात कामाला, त्यामुळे आणून द्यायचे मीच. माझीच मला चीड येते.

गेली दोन वर्षं तिचं अर्धं डोकं ठणकायचं. आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा, मग उलट्या. जोगेश्वरीच्या बालवाडीत ती पोरांना गाणी शिकवते. तिथेही कान दाबून बसायची. "मोबाइल कमी बघ," एवढंच हर्षद म्हणायचा. चष्मा बदलला, चहा सोडला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" वहिनी म्हणाली, "कुठलीच नाहीत." ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे त्यांना औषध म्हणतच नाहीत, गणपतीच्या गोळ्या म्हणतात.

या जुलैत मी सोबत गेले आणि सांगून टाकलं. डॉक्टरबाई भडकल्याच. "आजपासून बंद! अशा डोकेदुखीत या गोळ्या घेत राहिलात तर अर्धांगवायूसुद्धा होऊ शकतो. दिल्या कुणी?" मी खाली बघत बसले.

घरी येऊन सगळं सांगितलं. तरी गणपतीच्या आठ दिवस आधी आईने दुसऱ्या दुकानातून पाकीट आणलंच.

"एवढं वर्ष घे ना यार," हर्षद म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

माझं टाळकंच सरकलं. पण मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली, "पुढच्या वर्षी मी लुळी पडले तर मोदक कोण करणार, ते आत्ताच ठरवा." आणि एकेक गोळी काढून तिने बेसिनमध्ये टाकली.

चतुर्थीला सकाळीच पाळी आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने सांगितलं, अंघोळ केली आणि उकड मळायला बसली. देवाला हे चालायचं नाही, असं आई दारातून म्हणाली.

"मग तुम्ही करा," वहिनी म्हणाली.

एकवीस मोदक देवापुढे गेले. दुपारी हर्षदने एकट्याने नऊ खाल्ले आणि दहावा मागितला. मी त्याच्या पुढचं ताट उचललं.