नाओमी आंटीचं गाव

नाओमी आंटी त्या मैदानातून कधी सरळ चालत जायच्या नाहीत. समोर नुसतं गवत, मधूनमधून काळे दगड, पुढे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. सरळ गेलं तर दोन मिनिटांची वाट. पण आंटी चार पावलं जाऊन डावीकडे वळायच्या, थोड्या पुढे जाऊन पुन्हा उजवीकडे, आणि एका ठिकाणी तर मान जराशी खाली घालून जायच्या, जणू वर बुटकी चौकट आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वय झालंय, तोल जात असेल. मग कळलं की त्या घरांना वळसा घालत होत्या. तिथे एकही घर नव्हतं. त्यांच्या लहानपणी होती.

हे गाव हवाईच्या मोठ्या बेटावर, पूर्वेच्या किनाऱ्याला. मी नागपूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या ट्रिपला, तोही दुरून. अमेरिकेत ॲन आर्बरला भूशास्त्रात मास्टर्स केलं, तिथल्या थंडीत दोन वर्षं कुडकुडले, आणि पहिली नोकरी मिळाली ती थेट पॅसिफिकच्या मधोमध. आईने फोनवर दोनदा विचारलं, "अगं, हे अमेरिकेतच आहे ना नक्की?" किनाऱ्यावरच्या जमिनींची मोजणी करणारं लहानसं ऑफिस होतं आमचं. रुजू झाल्यावर महिन्याभरात मला या जागेचा नकाशा करायला पाठवलं. फाइलमध्ये जागेचं वर्णन एकाच शब्दात होतं: रिकामी.

मी तिपाई रोवून यंत्र लावत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "पोरी, तू शिंप्याच्या स्वयंपाकघरात उभी आहेस."

वळून पाहिलं. फुलाफुलांचा सैल झगा, अनवाणी पाय, पांढऱ्या केसांचा अंबाडा, हातात केवड्याच्या पातीची टोपली. मी घाबरून म्हणाले, "सॉरी, इथे कोणी राहत नाही असं मला सांगितलं होतं."

"राहत नाही असं म्हणू नये," त्या म्हणाल्या. "आत्ता घरी नाहीत, असं म्हणावं."

आणि मी तिपाई उचलली. का उचलली ते आजही सांगता येत नाही. त्या बेटावर वयाने मोठ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात. मला ते सवयीचंच होतं, नागपूरला काकू म्हणायचं तसं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी दर शनिवारी तिथे जात होते. आंटी वरच्या रस्त्याला, टेकडीवर राहायच्या. माझी गाडी दिसली की उतरून यायच्या. आम्ही एका पडलेल्या भिंतीच्या दगडांवर बसायचो आणि त्या सांगायला लागायच्या. आधी त्यांच्या पणजीच्या वेळचं गाव: ओढ्याकाठी अळूचे वाफे, होड्या, मासेमारी. मग साखर कंपनी आली. वरच्या उताराला ऊस लागला, खाली धक्का बांधला, आणि साखरेची पोती कड्यावरून तारेला लटकत होडीत उतरायला लागली. जपानी आले, पोर्तुगीज आले, फिलिपिनो आले. शाळा झाली, चर्च झालं, शिंपी आला. एक पोर्तुगीज म्हातारी दगडी भट्टीत सगळ्या गावासाठी ब्रेड भाजायची. "पाओं म्हणायची ती त्याला," आंटी म्हणाल्या. मी म्हटलं, "आम्ही पण पावच म्हणतो." त्यांना त्याचं इतकं नवल वाटलं की त्यांनी मला तो शब्द तीन वेळा म्हणायला लावला.

त्यांचं सांगणं हळू असायचं. मध्येच थांबायच्या, लाटा ऐकायच्या. दुपार कलली की फुटणाऱ्या लाटांचा तुषार धुक्यासारखा गवतावर येऊन बसायचा, आणि मला खरंच वाटायला लागायचं की त्या धुक्यात पत्र्याची छपरं आहेत, कोणीतरी वाळत घातलेले कपडे काढतंय. "इथं वाकून जायचं हं," त्या म्हणायच्या. "चौकट बुटकी आहे." मी वाकायचे.

हे गाव एका सकाळी लाटेने नेलं. तेवढंच त्या सांगायच्या. लाटेबद्दल पुढे काही नाही. त्यांचं स्वतःचं घर कोणतं, हेही त्यांनी कधी दाखवलं नाही.

माझ्या कागदावर हळूहळू एकतीस घरं उमटली. आता मला तो नकाशा फक्त गंमत म्हणून नको होता. जागेचा नवा मालक तिथे सुट्टीची घरं बांधणार होता. फाइलमध्ये "रिकामी" राहिलं असतं तर बुलडोझर येऊन सगळं सपाट करून गेला असता. वस्ती होती असं सिद्ध झालं, तर जोती राखावी लागणार होती. माझे साहेब चांगले होते, पण स्पष्ट बोलायचे. "एका बाईंची आठवण हा पुरावा होत नाही," ते म्हणाले. "दुसरा साक्षीदार आण. किंवा जमिनीतून काहीतरी दाखव."

दुसरा साक्षीदार एकच उरला होता. तादाओ अंकल. आंटींच्या घरापासून अर्ध्या मैलावर त्यांची ऑर्किडची बाग. मी त्यांचं नाव काढलं की आंटी तोंड फिरवायच्या. "त्याला कशाला विचारतेस? त्याला काही आठवत नाही." दोघं एकाच गावचे, एकाच शाळेतले, आणि लाटेनंतर एकमेकांशी बोललेले नाहीत असं लोक सांगायचे. सत्तर वर्षांहून जास्त!

शेवटी आंटींना न सांगता मी नकाशा घेऊन तादाओ अंकलकडे गेले. बारीक, काटकुळे, मातीने भरलेले हात. त्यांनी हात स्वच्छ धुतले, पुसले आणि मगच कागदाला बोट लावलं. एकेका घरावरून बोट फिरत गेलं. शिंपी, बरोबर. शाळा, बरोबर. मास्तरांचं घर, बरोबर. किनाऱ्याशी, होड्यांच्या छपराजवळ येऊन बोट थांबलं.

"भट्टी इथे नव्हती. ती चर्चच्या मागे होती. वर, चढावर."

"आंटी तर म्हणाल्या, समुद्राजवळ."

त्यांनी कागदावरून बोट उचललं. मग म्हणाले, "तिला तसं वाटत असेल."

मी हे आंटींना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. "म्हणजे मी खोटं सांगते? रोज सकाळी तो वास यायचा मला!" त्या शनिवारी त्या बसल्याच नाहीत, सरळ घरी गेल्या. मी एकटीच चर्चच्या मागच्या चढावर रानटी पेरूच्या जाळीत शिरले. दोन तास फांद्या तोडत होते, हात ओरबाडून निघाले. आणि मग फावडं दगडाला लागलं. गोलाकार रचलेले दगड, आतून लालसर भाजलेले. खाली राखेचा थर.

पुढच्या शनिवारी मी आंटींना तिथे घेऊन गेले. मला वाटलं होतं, पुरावा मिळाला म्हणून त्या खूश होतील. त्या दगडांकडे बघत उभ्या राहिल्या आणि एकदम खाली बसल्या.

"मग मी तिला कुठे पाठवलं होतं?" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की नाओमी आंटींना एक धाकटी बहीण होती. तिचं नाव मेले, वय सहा वर्षं. आंटी तेव्हा नऊच्या. त्या सकाळी आईने नाओमीला पाव आणायला सांगितलं होतं. नाओमी केस विंचरत बसली होती, तिला उठायचा कंटाळा आला. "तू जा," तिने मेलेला सांगितलं. मेले गेली. थोड्या वेळाने समुद्र मागे हटला आणि मग उभा राहून आला. आईने नाओमीला हाताला धरून ओढत टेकडीवर नेलं. मेले सापडलीच नाही.

"मी तिला समुद्राकडे पाठवलं," आंटी म्हणाल्या. "आजवर हेच धरून बसले होते. आणि आता तू म्हणतेस, भट्टी वर होती."

मी गाडी काढली आणि तादाओ अंकलना घेऊन आले. वाटेत त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकदाच मान हलवली. वर चढताना त्यांना दम लागत होता, तरी माझा हात त्यांनी घेतला नाही. आंटींपासून थोडं अंतर ठेवून ते भट्टीच्या दगडावर बसले.

"मेले मला इथेच भेटली होती," ते म्हणाले. "पाव गरम होता. तिने अर्धा तोडून मला दिला. तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला, समुद्र आटलाय, मासे उघडे पडलेत. ती म्हणाली, चल बघायला. मी आईला भिऊन गेलो नाही. ती पळत सुटली. मी तिला थांबवलं नाही, नाओमी. मला वाटायचं, तुला हे माहीत आहे. म्हणून तू बोलत नाहीस."

"आणि मला वाटायचं, मीच तिला पाठवलं हे तुला कळलंय," आंटी म्हणाल्या. "म्हणजे ती वर होती."

"हो."

"मी तिला वर पाठवलं होतं."

"हो. तिला मासे बघायचे होते."

खाली लाटा येत होत्या, जात होत्या. पेरूच्या जाळीत कुठेतरी पाखरू बोलत होतं. आंटींनी विचारलं, "आणि तो अर्धा पाव?"

"खाल्ला," तादाओ अंकल म्हणाले. "पळता पळता खाल्ला मी." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

आंटी उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "आठ वर्षांचा होतास तू," त्या म्हणाल्या. "भूक लागणारच."

मी हळूच खाली उतरले आणि गाडीत जाऊन बसले. ती दोघं उतरली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. तादाओ अंकलनी आता हाताला धरू दिलं होतं. मला नाही, आंटींना.

पुढचं सगळं भराभर झालं. भट्टीचे फोटो, राखेचे नमुने, दोघांच्या सह्या. साहेबांनी फाइलमधला तो शब्द स्वतः खोडला. सुट्टीची घरं झाली, पण ओढ्याच्या पलीकडे. नकाशावर आंटींनी बत्तिसावं घर स्वतःच्या हाताने काढलं, शाळेच्या बाजूचं, आणि आत दोन ठिपके दिले. मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि मी शिकागोजवळ शॉमबर्गला आले. निरोप घ्यायला गेले त्या दिवशी आंटी फक्त मेलेबद्दलच बोलत होत्या. ती किती हट्टी होती, कोंबड्यांना कशी नावं द्यायची, जेवताना कशी टेबलाखाली लपायची. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं, आणि आता थांबत नव्हतं. अश्रू आले ते माझ्याच डोळ्यांत. त्या हसत होत्या.

मागच्या वर्षी तादाओ अंकलचा फोन आला. आंटी गेल्या. झोपेतच. मी इकडे ऑफिसच्या पार्किंगमध्ये, हातात फोन घेऊन उभी.

"शेवटच्या आठवड्यात रोज जात होतो मी," ते म्हणाले. "ती मेलेच्या खोड्या सांगायची. एकदा कोणीतरी चर्चमध्ये शेळी सोडली होती, ती मेलेनेच सोडली असणार, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, नाओमी, दोरी माझ्या हातात होती."

"मग?"

"मग काय," ते म्हणाले, "खोकला येईपर्यंत हसली."