बाल्कनीतला तवा

शिवकन्याबाईंना किळस यायला फार काही लागायचं नाही. लातुरात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून त्यांचा दिवसच मुळी 'शी'नं उजाडायचा. बेसिनमधली खरकटी भांडी पाहिली की शी, फ्रीजमधली शिळी आमटी पाहिली की शी, आणि बाल्कनीतला तो नॉनस्टिक तवा दिसला की पदर थेट नाकाला!

त्या तव्यावर सून शिल्पा आम्लेट करायची. घर लिंगायताचं, अंड्याचं नाव काढायची सोय नाही. पण नात उर्वी मेडिकलच्या क्लासला, आणि अंडी खाल्ली की डोकं चालतं असं क्लासमधल्या कुणीतरी सांगितलेलं. झालं! वेगळी शेगडी, वेगळा तवा, वेगळं उलथणं, सगळा संसार बाल्कनीत थाटला.

"शिवम काय अंडी खाऊन फिजिक्सचा सर झाला व्हय गं?" बाई लेकाचा दाखला देत सुनेला विचारायच्या. "त्यो तवा बघ, काळा रंग सुटायलाय त्याचा. रंग खाऊ घालतीस लेकराला. थू!"

इकडे परीक्षा तोंडावर आली आणि पोरीच्या तोंडाची चवच गेली. आम्लेट तर ती ताटातच चिवडायची. गालफडं बसली, जिना चढताना धाप लागायला लागली. आजीचे धपाटे तेवढे पोटात जायचे, तेही आजीच्या बिडाच्या तव्यावरचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बाईंचं गाव नव्या जागी वसलं, तेव्हा बाईंनी तो तवा औशाच्या बाजारातून आणला होता. वापरून वापरून असा गुळगुळीत झालेला, की थेंबभर तेल पुरे.

काल सकाळी शिल्पानं घाईघाईत त्या तापलेल्या तव्यावर नळ सोडला. ताडकन दोन तुकडे! बाईंनी दोन्ही तुकडे उचलले, पदरानं पुसले आणि फळीवर ठेवले. शिल्पाला शिव्या परवडल्या असत्या. घरात दुसरा तवा होता तो फक्त बाल्कनीतला. कालपासून उर्वीच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

म्हणून आज सासू-सुना गंजगोलाईच्या बाजारात तवा घ्यायला गेल्या. बाई प्रत्येक तवा हातात तोलायच्या, बोटाच्या पेरानं वाजवायच्या, फळीवर ठेवून डुगडुगतो का बघायच्या आणि शेवटी नाकाला लावायच्या. दुकानदार कपाळाला हात लावून बसला.

"ह्ये लोखंड न्हाई, काळा रंगवलेला पत्रा हाय. वास घे. शी! ह्येचं बूड बघ कसं पातळ, मधी जळंल आन् कडंला कच्चं राहील. आन् ह्यो फुलाफुलांचा कशाला, भिंतीवर टांगायला?"

"आत्याबाई, घ्या ना कुठला तरी," शिल्पा काकुळतीला आली. "पोरगी उपाशी हाय."

चौथ्या दुकानात अखेर मनासारखा मिळाला. बिडाचा, जड, बुडाला सपाट. बाईंचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. पण नवा बिडाचा तवा लगेच थोडाच चालतो? चार-आठ दिवस तेल पाजायचं, तापवायचं, पुसायचं. तोवर त्याच्यावर काही केलं तर काळं उतरणार.

घरी आल्या तर उर्वी टेस्ट देऊन आलेली, दारातच बूटही न काढता भिंतीला टेकून बसलेली. ओठ पांढरे फटक.

"आज्जी, धपाटे..." एवढंच म्हणाली.

बाईंनी नवा तवा खाली ठेवला. शिल्पाला पीठ मळायला सांगितलं आणि तडक बाल्कनीत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तो नॉनस्टिक तवा होता. पाण्यानं खळखळून धुतला आणि गॅसवर ठेवला.

"आत्याबाई, त्यो आम्लेटचा हाय!" शिल्पा ओरडलीच.

"ठाव हाय." बाई पिठाचा गोळा थापत होत्या. "भूकंपात मदतीचा ट्रक आला. कुणीकुणी घरातली नको ती भांडी पाठवलेली. माझ्या वाट्याला तवा आला, त्याला कुणाचं तरी अंडं वाळून बसलेलं. शिवमचा बाप दगडाखाली. पोरगं भुकंनं रडून रडून गप पडलं होतं. मातीनं घासला तवा, तरी वास जाईना. त्याच्यावरच भाकरी केली."

शिल्पानं पुढचा गोळा सासूच्या हातात दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"शिवमनं खाल्ली?"

"खाल्ली की. मी बी खाल्ली. मग भिंतीआड जाऊन भडाभडा वकले."

पहिला धपाटा उर्वीनं दारात बसूनच खाल्ला, बोटं चाटली आणि ताटली पुढं केली.

बाईंनी एका हातानं पदर नाकाला लावला. "शी," म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं तव्यावर आणखी एक धपाटा टाकला.