भेंडाचं बाशिंग

गणपतीच्या मखराची भेंडाची फुलं हाताला लागली, की मला माझ्या लग्नातला चिखल आठवतो. गोष्ट पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची. नवरीचं घर रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, मुहूर्त तोंडावर आलेला, म्हणून मामांनी होडीतच माझ्या कपाळाला बाशिंग बांधलं. तेवढ्यात ओहोटीच्या उथळ पाण्यात होडी गाळात अशी रुतली की शेषाची झोपमोड झाली असेल. मी पुढे कोलमडलो आणि गाठ सुटून बाशिंग पाण्यात पडलं. "घाबरू नको रे, भेंड आहे ते," मामा म्हणाले. "तळ्यातल्या झाडाचा मऊ गाभा तो, आत नुसती हवा. झाडालाही तोच तरंगतं ठेवतो. बुडायचं नाही." बुडालं असतं तर परवडलं! ते राजासारखं वारा खात नवरीच्या काठाला निघालं. मी खाली पाय टाकला, तो कमरेपर्यंत आत गेलो. चौघांनी मला उपसून काढलं, पण जोडा पाताळातच राहिला. "भरती येईस्तोवर देव आला तरी होडी हलायची नाय," असं म्हणत होडी हाकणाऱ्या तांडेलानं विडी पेटवली. पलीकडे बायकांनी बाशिंग उचललं आणि ओरडल्या, "बाशिंग पोचलं हो! आता नवरा पाठवा!" मी नुसते हात हलवले. सनई वाजत होती, मुहूर्त टळला तशी तीही थांबली. संध्याकाळच्या मुहूर्तावर लग्न लागलं खरं, पण घरी पाहुणे आले की बायको अजून सांगते, "आमच्याकडे बाशिंग अगदी वेळेवर आलं होतं हो."