आधी गुड मॉर्निंग

आयोना मोडेस्टच्या व्हॅनमध्ये चढायचं तर आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं लागायचं. ग्रेनाडा बेटावर दुकानात शिरताना, रांगेत उभं राहताना, अगदी कुणाशी भांडायला जातानाही माणूस आधी तेवढं म्हणतो. मुकाट्यानं घुसतात ती जनावरं, हे आयोनाला तिच्या आईनं थपडा मारून शिकवलं होतं. क्रूझच्या बोटींवरच्या पाहुण्यांना बेट दाखवता दाखवता एकवीस वर्षं झाली, पण हा नियम तिनं कुणालाही माफ केला नाही. बंदरावरचे ड्रायव्हर तिला मास्तरीणबाई म्हणायचे.

त्या बुधवारी धक्क्याला लागलेल्या बोटीच्या पोटात, धुलाईखान्यात, तिचा लेक केलन कामाला होता. आठ महिने तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बोट मध्ये दोनदा येऊन गेली, पण त्याला उतरू दिलं नाही. हजारो लोकांनी चड्ड्या घालून बेटभर हिंडायचं आणि बेटाच्याच पोरानं त्यांच्या चादरी धूत आत बसायचं, हे आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आज त्याला एक ते दीड सुटी होती. ‘आई, गेटाजवळच्या बाकावर बसतो. दीडला आत नाही गेलो तर पुढची सुटीही जाईल,’ असा निरोप होता. सहलीचा नंबर सोडला तर मोसमभर मागे ढकलतात, म्हणून तिनं हिशेब केला: नऊला निघायचं, सव्वा वाजता परत. पहाटे उठून तिनं बेक, म्हणजे जाड फुगीर पुऱ्या, तळले, खारा मासा परतला, सगळं फडक्यात बांधून काचेपाशी ठेवलं.

नऊला पाच जण गुड मॉर्निंग म्हणत चढले. सहावा, गवती टोपीवाला, चढला तो एसी वाढवा म्हणतच. आयोनानं किल्ली काढून मांडीवर ठेवली.

“आधी गुड मॉर्निंग, साहेब.”

“मी पैसे भरलेत.”

“ते व्हॅनचे. गुड मॉर्निंगला पैसे पडत नाहीत.”

टोपीवाला हट्टाला पेटला, आणि आयोनाचा हट्ट तर काय, जन्माचा. शेजारून चार व्हॅन निघून गेल्या. घाई तिला होती, त्याला नव्हती. तरी ती दगडासारखी बसली. शेवटी त्याच्या बायकोनं कोपर मारलं तेव्हा तो ‘गुड मॉर्निंग’ पुटपुटला. दहा मिनिटं गेली होती.

त्या चार व्हॅन घाटात पुढेच राहिल्या. धबधब्यावर त्यांच्या मागे ताटकळावं लागलं. वरच्या तळ्यावर टोपीवाल्याला माकड पाहायचं होतं, आणि माकड काही येईना. आयोना मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती. परतताना त्याला माशाचा वास आला. हे सहलीतच धरलंय का, म्हणून त्यानं फडक्याकडे हात केला.

“हात लावू नका,” आयोना म्हणाली. “माझ्या लेकाचं आहे.”

वळणावळणावर हॉर्न ठोकत तिनं गाडी अशी हाणली की मागे बसलेल्यांनी सीट घट्ट धरल्या.

गेटापाशी पोचली तेव्हा एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. बाक रिकामा. पहारेकरी सिल्वन तिच्याच चर्चमधला. तो टोपी काढून जवळ आला.

“दीडपर्यंत बसला होता गं. मान वळवून वळवून रस्त्याकडे बघत होता. मीच म्हटलं, जा बाबा, शिट्टी झाली.”

“एवढं तरी आत दे.” तिनं फडकं उचलून खिडकीतून पुढे केलं.

“बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आयोना.”

पाच मिनिटं. सकाळची ती दहा मिनिटं हातात असती तर पाच मिनिटं लेक तिच्यापुढे बसला असता. बेक खाऊन झाले नसते, पण त्याच्या डोक्यावरून हात फिरला असता. दिवसभर ती टोपीवाल्याला शिव्या देत होती. त्या आता तिला स्वतःलाच द्याव्याशा वाटल्या, आणि म्हणून त्याचा राग आणखीच आला.

पाहुणे एकेक करून उतरले. टोपीवाला सगळ्यांत शेवटी. त्यानं दारात थांबून टोपी काढली आणि मनापासून, स्पष्ट म्हणाला, “गुड आफ्टरनून, मिस आयोना.”

कुंपणावरून अकरा वर्षं भांडण असलेल्या शेजारणीलाही आयोना रोज उत्तर द्यायची. आज तिनं मांडीवरच्या फडक्याची गाठ आवळली आणि दार लोटून घेतलं. तो बाहेर टोपी हातात धरून थोडा वेळ उभा होता.