मेंबरांना न दाखवलेला खेळ

ताई, बडनेऱ्याच्या स्टेशनावर तू पदर डोळ्यांना लावून उभी होतीस आणि बाबा माझ्या रॅकेटच्या तारा बोटाने वाजवून बघत होते. हावडा मेल आली तशी त्यांनी रॅकेट माझ्या हातात दिली. "मोठ्या लोकांत चालला बाबू, सबुरीनं राहजो." एवढंच बोलले. आपल्या लोकांच्या धम्मदीक्षेला तेव्हा पाचेक वर्षं झाली असतील. भातकुलीकडच्या आपल्या माणसांना टेनिस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण हार घालायला सगळे हजर होते.

बाबा अमरावतीच्या क्लबात मार्कर, म्हणजे मेंबरांशी खेळायला पगारावर ठेवलेला माणूस. वकीलसाहेबांचं पोट सुटलेलं, डॉक्टरसाहेबांचा गुडघा धरलेला. प्रत्येकाला चेंडू कसा कमरेच्या उंचीवर, अगदी हाताशी परत मिळाला पाहिजे. साहेब खूश तर नोकरी शाबूत. सकाळी मेंबर यायच्या आधी त्यांनी मला शिकवलं तेही हेच. त्याच जोरावर अकोल्यापासून नागपूरपर्यंतच्या ज्युनियर स्पर्धा मी मारल्या. माझ्याकडून चेंडू परत यायचाच. समोरची पोरं वैतागून आपणच चुकायची. तू अकोल्याला सासरी, जठारपेठेत पेढे वाटलेस आणि मला वाटलं, झालं, आता जग आपलंच!

कलकत्त्याच्या कंपनीने नोकरी दिली ती खेळासाठीच. ऑफिसात बडाबाबूंपुढे, म्हणजे हेडक्लार्कपुढे, सही ठोकायची आणि ग्राउंड गाठायचं. पण मोठ्यांच्या स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत गारद. एकदा नाही, सहा वेळा. इथले गडी आपणहून चुकत नव्हते. शेवटी कंपनीने सांगून टाकलं, हिवाळ्यातल्या स्पर्धेत काही दिसलं नाही तर सामान बांधा. हे तुला कळवायची लाज वाटली, बाबांना कळवलं. कधी वऱ्हाडाबाहेर पाऊल न टाकलेला तो माणूस रजा टाकून एकटा हावड्याला उतरला.

दुसऱ्या दिवशी माझा सरावाचा सामना त्यांनी हिरवळीच्या कडेला उकिडवं बसून पाहिला. मी हरलो.

"तू त्याले खेळवून राहिला," बाबा म्हणाले. "थो तुहा मेंबर हाय काय?"

खरंच होतं. मोकळ्या जागी मारायची वेळ आली की माझा हात चेंडू नेमका समोरच्याच्या पुढ्यात नेऊन ठेवत होता.

"तुही चूक नाही. म्याच तसं शिकवलं. उभा राय तिकडं."

त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि माझी दुसरी रॅकेट उचलली. पहिला चेंडू रेषेला चाटून गेला, मी जागचा हललोसुद्धा नाही. दुसरा त्यांनी जाळ्यालगत अलगद सोडला. मग तासभर मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धापा टाकत पळत होतो आणि पन्नाशीचा माझा बाप अनवाणी, जवळजवळ जागेवरूनच मला नाचवत होता. जन्मल्यापासून त्यांच्याजवळ राहिलो, पण हा खेळ मी कधी पाहिला नव्हता.

"बाबा, हे सारं येत होतं तुमाले?"

"येत होतं ना. दाखवू कोनाले?"

ताई, मला तिथेच भडभडून आलं. रागही आला, क्लबाचा आणि माझाही.

हिवाळ्यात मी तीन फेऱ्या जिंकलो. नोकरी टिकली. माझी तार बाबांना क्लबातच मिळाली. ती खिशात घालून त्यांनी वकीलसाहेबांशी उरलेला डाव पुरा केला म्हणे, नेहमीसारखा, हरून.

आता मी इथलाच झालो आहे. मोहरीच्या तेलातली मासळी आवडीने खातो, पोरं आपसात बांगला बोलतात. कुणी घर विचारलं तर तोंडाने अमरावती सांगतो, पण डोळ्यांपुढे येते ती हिरवळीवरची दुपार. साहेबांना जन्मभर जिंकू देणाऱ्या माझ्या बापाने त्या तासाभरात मला एकही पॉईंट दिला नाही. एवढं मोठं मला पुढे कुणीच समजलं नाही.