खंडेनवमीचा खल

आप्पासो मगदूम आमच्या पदार्थविज्ञान विभागात प्रयोगशाळा परिचर आहेत. त्याआधी अकरा वर्षं ते कागल एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ओतीव भाग घासायचे. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: खिशातला चुंबक आणि मळक्या अवजाराबद्दलचा राग. विभागात सगळे त्यांना मामा म्हणतात, विभागप्रमुखही.

खंडेनवमीला मामा भट्टी, तराजू, व्हॅक्यूम पंप अशा प्रत्येक वस्तूची पूजा करतात. त्याआधी सगळं घासून लख्ख. गेल्या वर्षी त्यांनी अनुजाचा अकीक दगडाचा खलही घासला.

अनुजा चंदगडची, पीएचडी करणारी. त्या खलात ती लोखंड आणि सेलेनियमची पूड घोटायची, काचेच्या नळीत बंद करून भट्टीत ठेवायची. तयार झालेला पदार्थ उणे २६५ अंशांच्या खाली विजेला अजिबात रोध करत नाही आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. त्यात इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात, आणि ही जोडी जुळवण्यात लोखंडाच्या चुंबकत्वाचाच हात असावा असं बरेच जण मानतात. मात्र पुडीत सुटं लोखंड राहिलं, तर ते इतक्या मोठ्यानं बोलतं की बाकीचं काही ऐकू येत नाही.

नमुन्याच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईतल्या एका यंत्रावर होते, तीही आधी तारीख घेऊन. डिसेंबरची तारीख वाया गेली. नमुना खिळ्यासारखा चुंबकीय निघाला. पुढची तारीख फेब्रुवारीत होती आणि मार्चअखेर अनुजाची पीएचडीची मुदत संपत होती. तिनं वजनांची वही तीनदा तपासली. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, लोखंड जास्त पडलं असणार. शेवटी नव्या नमुन्यात लोखंड कमी घ्यायचं तिनं ठरवलं.

मामांनी विचारलं, घोटाळा काय झालाय? तिनं सगळं समजावलं.

"म्हंजे घरातलं लोखंड चालतंय, बाहेरनं आलेलं न्हाय."

"व्हय मामा."

मामा उठले. खलाच्या कडेवरून कोरडा ब्रश फिरवून त्यांनी जे पडलं ते कागदावर घेतलं आणि खालून चुंबक सरकवला. केसांसारखे चार बारीक तुकडे उभे राहिले.

"तारेच्या घासणीनं घासलाय मी. खंडेनवमीला."

अकीक पोलादापेक्षा कठीण असतो. खलावर ओरखडाही नव्हता. झिजली होती ती घासणी.

अनुजानं कागद जवळ ओढून तुकडे निरखले. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"चुंबकाला कळलं असतं की."

खल आम्लानं धुतला. वजनं होती तीच ठेवली. नळी मामांनी स्वतः ज्योतीवर धरून बंद केली आणि त्या दिवशी जेवायला अर्धा तास उशिरा गेले.

फेब्रुवारीतला आलेख उणे २६५ अंशांपाशी शून्याखाली गेला, म्हणजे नमुना चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलत होता. अनुजानं तो आधी मामांना दाखवला, सरांना नंतर. खाली गेलेलं चांगलं असतं का, हे मामांनी दोनदा विचारून घेतलं.

यंदाच्या खंडेनवमीला विभाग पुन्हा लख्ख झाला. खल कपाटातच होता. त्याच्याशेजारी झेंडूचं एक फूल आणि मामांच्या अक्षरातली चिठ्ठी: पूजा झाली आहे. घासू नये.